विटाळ न मानणारे पावित्र्य

मराठीत स्तुतीसाठी शब्दांची रास आहे, आणि त्यांतले बरेचसे शब्द संशयाचे आहेत. भाटगिरी, खुशामत, तोंडपुजेपणा, हांजी हांजी, हरभऱ्याच्या झाडावर चढवणे. समोरासमोर कौतुक करणाऱ्याला काहीतरी हवे आहे, आणि ते कौतुक ऐकून घेणाऱ्यालाही त्याची भूक आहे, हे व्यवहाराने आपल्याला शिकवले आहे. मग ख्रिस्ती उपासनेचा पाया परमेश्वराच्या स्तवनावर उभा आहे असे म्हटले की विचारी माणसाच्या मनात शंका येणारच. सर्वशक्तिमान म्हणवणाऱ्या देवाला माणसांनी आपले गुण गावेत असे का वाटावे? डेव्हिड ह्यूमच्या नैसर्गिक धर्मावरील संवादांत, जे त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापले गेले, हाच आक्षेप आहे. वाहवेसाठी आसुसलेला देव हा माणसाच्या एका क्षुद्र दुबळेपणाला आकाशाएवढा करून बनवलेला देव आहे, असा त्याचा रोख. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. माझे म्हणणे असे की तो ज्या स्तुतीला लागू पडतो ती स्तुती खरोखरच वाईट आहे, पण देवाच्या पावित्र्याची स्तुती त्या जातीची नाही. पावित्र्य हा देवाचा असा एकच गुण आहे ज्याचा आपल्याला आपल्यासाठी वापर करता येत नाही. म्हणूनच त्याच्या स्तवनात माणसाच्या मीपणाचे आसन हलते. आणि ते हलते तेव्हा माणूस पुसला जात नाही, तो कामाला लागतो.

आधी आभार आणि स्तवन यांतला फरक पाहू. पीक आले, आजार बरा झाला, मुलाला नोकरी लागली म्हणून देवाचे आभार मानणे योग्यच आहे. पण त्या वाक्यात देवाबरोबर मीही बसलेला असतो. देव दयाळू आहे, माझ्यावर. देव समर्थ आहे, माझ्या बाजूने. दया, सामर्थ्य, तरतूद या गुणांचे कौतुक करताना त्यांचा लाभार्थी नजरेआड होत नाही. ईयोबाच्या पुस्तकात सैतान परमेश्वराला नेमका हाच सवाल टाकतो. ईयोब भक्ती करतो ती फुकट करतो काय? त्याच्याभोवती कुंपण घातलेस, गुरेढोरे वाढवलीस, मग तो तुझे नाव का घेणार नाही? भक्तीविरुद्ध आजवर केलेल्या आरोपांत हा सर्वांत धारदार आहे, आणि पवित्र शास्त्राने तो दडवलेला नाही. तो पहिल्याच अध्यायात मांडून पुढची चाळीसएक प्रकरणे त्याच्या छायेत घालवली आहेत. पावित्र्याचा गुण या आरोपाच्या कक्षेबाहेर उभा आहे. ‘तू पवित्र आहेस’ या वाक्यात माझ्या पदरात काही पडत नाही. उलट ते मनापासून म्हटले तर माझ्याजवळ असलेलेही थोडे अडचणीत येते. हिब्रूतल्या ‘कादोश’ या शब्दात वेगळे काढलेले, इतरांच्या रांगेत न बसणारे, असा अर्थ आहे. जे आपल्या रांगेत बसत नाही त्याला खिशात घालता येत नाही.

हे सारे हवेत राहू नये म्हणून एक घटना घेतो. संदेष्टा यशया याने मंदिरात झालेल्या आपल्या दर्शनाची तारीख दिली आहे ती उज्जीया राजाच्या मृत्यूच्या वर्षाची, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनापूर्वी ७४० च्या आसपासची. ही नुसती कालगणना असावी असे वाटत नाही, कारण उज्जीयाची हकिकत माहीत असल्याशिवाय त्या दर्शनाची धार कळत नाही. दुसऱ्या इतिहासाच्या सव्विसाव्या अध्यायात ती आहे. सोळाव्या वर्षी गादीवर आलेला, बावन्न वर्षे राज्य केलेला हा यहूदाचा राजा मोठा कर्तबगार होता. त्याने यरुशलेमेत बुरूज बांधले, रानात विहिरी खोदल्या, तटावर बाण आणि धोंडे फेकणारी यंत्रे बसवली. शेतीची त्याला आवड होती, अशी नोंद इतिहासकाराने मुद्दाम केली आहे. आणि मग तो लिहितो की राजा बलाढ्य झाला तेव्हा त्याचे मन उन्मत्त झाले. उज्जीया धूपपात्र घेऊन मंदिरात शिरला. धूप जाळण्याचा अधिकार याजकांचा होता. अजऱ्या याजक ऐंशी याजकांसह त्याला आडवा गेला, राजा भडकला, आणि त्या रागाच्या भरातच त्याच्या कपाळावर कोड उठले. उरलेले आयुष्य त्याने वेगळ्या घरात काढले, कारभार त्याच्या मुलाने, योथामाने, पाहिला. मेल्यावरही त्याला राजांच्या दफनभूमीला लागून असलेल्या शेतात पुरले, कारण लोक म्हणाले, तो कोडी आहे. १९३१ मध्ये जैतुनाच्या डोंगरावरील एका रशियन मठाच्या संग्रहात एक अरामी शिलालेख सापडला. उज्जीयाच्या मृत्यूनंतर काही शतकांनी कोरलेल्या त्या लेखात राजाची हाडे येथे आणून ठेवल्याचे सांगून ती जागा उघडू नये अशी ताकीद आहे.

या गोष्टीत लक्षात घेण्यासारखे हे की उज्जीया मंदिर फोडायला गेला नव्हता. तो उपासना करायलाच गेला होता. त्याचा दोष अश्रद्धेचा नाही. आयुष्यभर जे जे पाहिले ते ते आपल्या ताब्यात आणत गेलेल्या माणसाने देवाच्या सान्निध्यालाही आपल्या कर्तृत्वाचा शेवटचा बुरूज मानले. स्वकेंद्रितता धर्माच्या बाहेर उभी असते असे आपण सोयीने समजतो. वास्तविक तिला धर्माइतके उबदार घर दुसरीकडे मिळत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला परूशी मंदिरात उभा राहून प्रार्थना करतो, तिची सुरुवात देवाच्या आभाराने होते, आणि पुढचे प्रत्येक वाक्य त्याच्या स्वतःच्या उपासांचे आणि दशांशांचे आहे. व्याकरणाने ती देवाची स्तुती आहे, आशयाने स्वतःची. ह्यूमने ज्या स्तुतीची खिल्ली उडवली ती हीच, आणि येशूनेही तिलाच नापास केले.

उज्जीया गेला त्या वर्षी यशयाने सिंहासन पाहिले, आणि त्यावर बसलेला राजा मरणारा नव्हता. सिंहासनापाशी उभ्या असलेल्या सराफीम नावाच्या स्वर्गीय सेवकांना सहा पंख होते. दोहोंनी ते तोंड झाकत, दोहोंनी पाय, आणि उरलेल्या दोहोंनी उडत. सहापैकी चार पंख स्वतःला झाकण्यासाठी आणि दोनच हालचालीसाठी, हे प्रमाण स्तवनाचा स्वभाव सांगून जाते. ते एकमेकांना हाका मारून पवित्र हा एकच शब्द तीनदा उच्चारतात. सहसा हिब्रूत एखाद्या गोष्टीवर जोर द्यायचा तर शब्द दोनदा येतो, तीनदा क्वचित. त्या घोषाने उंबरे हादरतात, मंदिर धुराने भरते. आता यशयाकडे पाहा. आदल्याच अध्यायात त्याने सहा वेळा ‘हाय हाय’ म्हटले आहे, आणि सहाही वेळा ते दुसऱ्यांसाठी आहे. घराला घर आणि शेताला शेत जोडत सुटलेल्यांना, सकाळपासून दारूमागे धावणाऱ्यांना, वाइटाला चांगले म्हणणाऱ्यांना, लाच घेऊन दोषीला सोडणाऱ्यांना. टीका खरी होती, ती मागे घेण्याचे काही कारण नव्हते. पण सहाव्या अध्यायात पावित्र्याचे स्तवन कानी पडताच सातवा हाय त्याच्या तोंडून निघतो तो स्वतःवर. हे त्याला कुणी शिकवले नाही, सराफीमांनी त्याच्यावर एकही आरोप केला नाही. त्यांनी त्याच्याविषयी अवाक्षर काढले नव्हते. मीपणाचा भंग उपदेशाने झाला नाही, दुसऱ्याच कुणाचे स्तवन ऐकताना झाला.

त्या क्षणी यशया स्वतःला अशुद्ध ओठांचा माणूस म्हणतो. या शब्दावर थांबले पाहिजे. लेवीयाच्या तेराव्या अध्यायात कोडी माणसाने कसे वागावे याचे नियम आहेत. फाटके कपडे घालावेत, केस मोकळे सोडावेत, वरचा ओठ झाकून घ्यावा आणि अशुद्ध, अशुद्ध असे ओरडावे. वस्तीबाहेर एकटे राहावे. राजा ज्या रोगाने वेगळ्या घरात मेला त्या रोग्याचा शब्द आणि त्या रोग्याचा ओठ, दोन्ही संदेष्टा स्वतःच्या अंगाला लावून घेतो. एकीकडे सराफीमांची पवित्र ही हाक, दुसरीकडे माणसाची अशुद्ध ही हाक. आपल्या अंगचा विटाळ दुसऱ्याला होऊ नये म्हणून माणसाने आपल्या येण्याची वर्दी ओरडून द्यायची, हे चित्र मराठी वाचकाला परके नाही. आपल्या गावांच्या इतिहासात ते भरपूर आहे. म्हणून पुढे काय होते ते मराठी वाचकाने अधिक बारकाईने वाचावे. पवित्र या शब्दाचा अर्थ आपल्याकडच्या सोवळ्यासारखा असता, तर त्या ओरडण्यानंतर सिंहासनाने पाय मागे घेतला असता आणि यशयाला बाहेर काढले गेले असते. घडते ते उलटे. एक सराफ वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलतो, उडत यशयाकडे येतो आणि नेमक्या अशुद्ध म्हटलेल्या जागेला, ओठांना, तो लावतो.

माझ्या मते ख्रिस्ती पावित्र्यकल्पनेचा कणा येथे आहे. सोवळे विटाळाला भिते, म्हणून ते अंतर राखते. सोवळ्याची सारी प्रतिष्ठा दुसऱ्याला लांब ठेवण्यावर टिकते, म्हणजे ते मूळचेच स्वकेंद्रित आहे. पावित्र्य विटाळाकडे चालत येते. जुन्या करारात या दोन्ही प्रवृत्ती एकमेकींशी झगडताना दिसतात हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. हाग्गय संदेष्टा याजकांना विचारतो, पवित्र मांस वाहून नेणाऱ्या पदराचा स्पर्श अन्नाला झाला तर ते पवित्र होईल का? याजक म्हणतात, नाही. आणि प्रेताला शिवलेल्याने स्पर्श केला तर ते विटाळेल का? याजक म्हणतात, हो. म्हणजे विटाळ संसर्गजन्य, पावित्र्य नाही. पण मार्कच्या पहिल्या अध्यायात कोडी येशूच्या पायाशी येतो तेव्हा येशू हात पुढे करून त्याला शिवतो, आणि बरे करतो. शब्दाने बरे करणे त्याला शक्य होते, इतरत्र त्याने ते केलेले आहे. येथे त्याने स्पर्श निवडला, आणि याजकांचे गणित उलटले. सुरियानी परंपरेत प्रभुभोजनाच्या भाकरीच्या तुकड्याला निखारा म्हणतात ते यशयाची आठवण ठेवूनच. पाश्चात्य आणि पौर्वात्य दोन्ही प्राचीन उपासनाविधींत सराफीमांचा तो त्रिवार घोष भाकर ओठांना लागण्याआधी येतो. आधी पावित्र्याची घोषणा, मग त्या पावित्र्याचा अशुद्ध ओठांना स्पर्श.

आता ह्यूमच्या आक्षेपाला सरळ उत्तर देता येईल. पन्नासाव्या स्तोत्रात परमेश्वर म्हणतो की मला भूक लागली तर मी ती तुला सांगणार नाही, कारण सारे जग माझेच आहे. गरज नसल्याचे इतके स्पष्ट निवेदन दिल्यावर स्तवनाचा हेतू देवाची भूक भागवणे हा असू शकत नाही. सी. एस. लुईसला स्तोत्रांतला स्तुतीचा आग्रह सुरुवातीला खटकत असे. स्तोत्रांवरील १९५८ च्या पुस्तकात त्याने त्यातून वाट काढली ती अशी, की आवडलेल्या गोष्टीचे कौतुक ओठांवर आल्याशिवाय आनंद पुरा होत नाही. उत्तर सुरेख आहे, पण मला ते अर्धे वाटते. सुंदर सूर्यास्ताला ते लागू पडते. पावित्र्यासमोर यशयाला आधी आनंद झाला नाही, आपण संपलो असे वाटले. रुडॉल्फ ओटोने १९१७ च्या ग्रंथात पवित्राच्या अनुभवात थरकाप आणि ओढ या दोन्ही असतात असे दाखवले ते म्हणूनच महत्त्वाचे. स्तवन हा आनंदाचा उद्गार आहेच, त्याआधी ते सत्याचे मापनही आहे. आपल्याहून खरे असे काहीतरी आहे याची ती कबुली आहे. खुशामतीत मापन खोटे असते, खुशामत करणारा वस्तूला तिच्या मापाहून फुगवतो. पावित्र्याच्या स्तवनात फुगवायला जागाच नाही. त्यात फुगा फुटतो तो म्हणणाऱ्याचा.

यावर लगेच दुसरी शंका येते. चर्चमध्ये शतकानुशतके हा घोष चालू आहे, मग फुगे का फुटलेले दिसत नाहीत? पावित्र्याची गाणी गाणाऱ्यांनीच गुलाम विकत घेतले, दुबळ्यांवर झालेले अत्याचार संस्थेच्या अब्रूसाठी दडपले, मिळकतींच्या दाव्यांत पिढ्या घालवल्या. हे सारे खरे आहे, आणि त्याची पहिली दखल पवित्र शास्त्रानेच घेतली आहे. यशयाच्या पहिल्याच अध्यायात परमेश्वर सांगतो की तुम्ही हात पसरलेत तरी मी डोळे फिरवीन, कारण ते हात रक्ताने भरलेले आहेत. आमोस तर गाण्यांचा गोंगाट बंद करा असेच बजावतो. म्हणजे स्तवन आपोआप काम करणारे औषध नाही. ते काम करते की नाही हे कशावरून ओळखायचे याची यादी लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात दिली आहे. परमेश्वर पवित्र आहे म्हणून तुम्ही पवित्र व्हा, अशी तिची सुरुवात. मग आपण अपेक्षा करतो ध्यानधारणेची, आणि येते ते असे. शेताच्या कडेकोपऱ्यांची कापणी करू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. न्यायात गरिबाचीही बाजू घेऊ नका आणि थोराचीही भीड धरू नका. तराजू आणि मापे खरी ठेवा. पावित्र्याचे असे बांध, मजुरी आणि वजनकाटे यांत उतरणे हे त्या ग्रंथाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे. यादीतील प्रत्येक कलम मीपणाच्या एकेका सवयीला हात घालते. बहिऱ्याला दिलेली शिवी त्याला ऐकू जात नाही, म्हणजे ती न देण्यात कुणाची भीती नाही आणि कुणाचे कौतुकही नाही. जेथे पाहणारा कुणी नाही तेथेच स्वकेंद्रितता उघडी पडते.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र यापुढचा आहे. मीपणा सोडा, हा उपदेश कुणाला केला जातो? फ्रीड्रिख नीत्शेने १८८७ मध्ये नीतीच्या वंशावळीचा शोध घेताना ख्रिस्ती नम्रतेला गुलामांच्या दबलेल्या सुडाचे रूप म्हटले. त्याहून मला जास्त टोचतो तो वॅलरी सेव्हिंग या विदुषीचा १९६० चा निबंध. तिचे म्हणणे असे की धर्मशास्त्र लिहिणाऱ्या पुरुषांनी अहंकार हेच मूळ पाप मानले, कारण त्यांचे पाप ते होते. स्त्रीच्या वाट्याला बहुधा उलटा धोका येतो. तिला स्वतःचे असे काही उरतच नाही, आणि तिलाच आणखी आत्मत्याग सांगितला जातो. हाच प्रश्न महाराष्ट्राच्या मंडळीने स्वतःला विचारायला हवा. नगर जिल्ह्यातील आणि इतरत्रच्या अनेक मंडळ्या महार आणि मांग समाजांतून आलेल्या लोकांनी उभ्या केल्या. ज्यांना गावाने कधी ‘स्व’ मिळूच दिला नाही, त्यांना स्वत्व सोडण्याचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला उपासाचे माहात्म्य सांगणे. अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूरला शूद्रांच्या धर्मशास्त्राची मागणी केली आणि तीतून पुढे दलित धर्मशास्त्राची वाट निघाली, तिच्या मुळाशी ही अस्वस्थता आहे.

या आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही, पण तो नेमका करून घ्यावा लागतो. स्व आणि स्वकेंद्रितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ल्यूथरने रोमकरांस पत्रावरील १५१५–१६ च्या व्याख्यानांत पापी माणसाचे वर्णन स्वतःमध्येच वाकलेला असे केले. वाकलेल्याला सरळ करायचे असते, मोडायचे नसते. आणि स्वतःत वाकण्याचे दोन प्रकार आहेत. एक जण आरशासमोर उभा राहून स्वतःवर खूश असतो, दुसरा त्याच आरशासमोर स्वतःचा तिरस्कार करत असतो. नजर दोघांचीही आरशातच. पावित्र्याचे स्तवन दोघांना आरशापासून वळवते, पण दिशा दोघांची सारखी नसते. लूकच्या पहिल्या अध्यायातील मरीयेचे गीत पाहा. नासरेथसारख्या आडगावची ही मुलगी देवाचे नाव पवित्र असल्याचे घोषित करते, आणि त्याच दमात बलाढ्यांना आसनावरून खाली ओढून दीनांना उंच केल्याचेही सांगते. ज्या स्तवनाने उज्जीयासारख्याला खाली आणायचे, त्याच स्तवनाने तिला वाचा दिली. फिलिप्पैकरांस पत्रात पौल येशूच्या रिते होण्याचे वर्णन करतो, ते ज्याच्यापाशी देवाची समानता होती त्याचे रिते होणे आहे. उतरायला सांगितले आहे ते वर बसलेल्याला. पाय धुणारा गुरू शिष्यांपेक्षा वरच्या जागेवरून उठलेला असतो. हा क्रम उलटवून खाली बसलेल्यालाच आणखी खाली बसायला सांगणारा उपदेशक ख्रिस्ताचा नव्हे, उज्जीयाचा वारस आहे.

याचा पुरावा मराठी मातीत हवा असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पुढील आयुष्यात आत्मसमर्पण हा शब्द केंद्रस्थानी आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुली-बायकांसाठी त्यांनी स्वतःला झिजवले, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात अखेरची वर्षे घातली, आणि १९२२ मध्ये त्या गेल्या. पण याच रमाबाईंनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि इंग्रज धर्माधिकाऱ्यांच्या दडपणापुढे मान तुकवली नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकती सुटका करून घेतल्यावर दुसऱ्याचे जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांच्या पत्रांचा सूर होता. त्या पत्रव्यवहारात त्यांच्यावर गर्वाचा ठपका पडला. समर्पण म्हणजे सगळ्यांपुढे नमणे असा अर्थ घेतला तर हे दोन्ही एका बाईत बसत नाही. पण जो एकच पवित्र आहे त्याच्यापुढे संपूर्ण नमले की बाकीची सिंहासने आपोआप लाकडाची दिसू लागतात. रमाबाईंची ताठ मान आणि त्यांचे समर्पण एकाच मुळातून आलेले आहेत. नीत्शेला हे उत्तर पुरेसे असावे. गुलामाला मालकाचा हेवा असतो, आणि रमाबाईंना कुणाचा हेवा वाटल्याची खूण त्यांच्या कामात सापडत नाही.

आणखी एक आक्षेप मानसशास्त्रीय आहे, आणि तो प्रत्येक साधकाला छळतो. मीपणा सोडण्याचा प्रयत्न हाच मीपणाचा शेवटचा अड्डा ठरतो. आज मी किती नम्र होतो, याचा हिशेब ठेवणारा मी तेथे बसलेलाच असतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच मीपणावर थेट हल्ला करण्याचा मार्ग फसतो. इंग्रजी लेखिका आयरिस मर्डॉकने १९७० मधील एका पुस्तकात याला सुंदर उत्तर दिले. आपल्या प्रतिष्ठेला लागलेल्या ठेचेवर घुटमळत, चिडून खिडकीबाहेर बघत असताना आकाशात एका जागी तरंगणारा शिकारी पक्षी दिसावा, आणि क्षणभर तो पक्षीच तेवढा उरावा. परत विचारांकडे वळावे तर तो अपमान लहान झालेला. मीपणा सुटतो तो लक्ष दुसरीकडे गेल्यावर, त्याच्याशी कुस्ती खेळून नाही. मर्डॉक ईश्वरवादी नव्हती, आणि तिचा वाचक विचारू शकेल की पक्ष्याने काम भागते तर देव कशाला? पक्षी मला माझ्यातून बाहेर काढतो हे मान्य. पण तो मला काही विचारत नाही. तो उडून गेला की मी खिडकीपाशीच असतो. यशयाच्या दर्शनात ओठ शुद्ध झाल्यावर सिंहासनावरून प्रश्न येतो, मी कुणाला पाठवू? आणि ज्याने थोड्या वेळापूर्वी आपण संपलो असे म्हटले होते, तोच मला पाठव असे सांगतो. तेथे ‘मी’ हे सर्वनाम नाहीसे झालेले नाही. आधी ते हाय म्हणताना आले होते, आता जबाबदारी घेताना आले. ओठ तेच, वाक्य निराळे.

मराठी ख्रिस्ती उपासनेपाशी या कामासाठी लागणारे भांडार कमी नाही. थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये राचोलला छापलेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठी पुराणांच्या रीतीप्रमाणे देवाच्या नमनाने सुरू होते. लिहिणाऱ्याने आपले काही सांगण्याआधी वाकायचे, ही रीत त्याला येथेच मिळाली. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंगाच्या घाटात ख्रिस्ताला आळवले, आणि त्यांची पदे आजही उपासना संगीतातून गायिली जातात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार उभा करण्याचा ध्यास घेतला. दरबार देवाचा असेल तर त्यात गोऱ्या साहेबाची आणि नेटिव्हाची खुर्ची वेगळी कशी, हा त्या नावातच दडलेला प्रश्न होता. संतकवितेतला मीपणाचा विलय आणि यशयाचे पाठवले जाणे यांची सांगड घालणे हे मराठी ख्रिस्ती स्तवनापुढचे खास काम आहे. वसईच्या गावांपासून नगरच्या मंडळ्यांपर्यंत दर रविवारी पवित्र हा शब्द हजारो ओठांवर येतो. आजच्या कित्येक गीतांत मात्र मला काय मिळाले, मला कसे वाटले, याचाच पसारा वाढला आहे. त्यात पाप नाही, पण ईयोबाविषयी विचारलेल्या प्रश्नाला अशी गीते उत्तर देऊ शकत नाहीत. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही देवाच्या नावाचे पावित्र्य आधी येते आणि भाकर नंतर. भाकर मागायची आहेच, फक्त क्रम बदलायचा नाही. क्रम बदलला की भाकर देणारा देव उरतो, आणि देवच भाकरीसाठी वापरला जातो.

तेव्हा परमेश्वराच्या पावित्र्याचे स्तवन खरे झाले की नाही याची कसोटी गाणाऱ्याच्या भारावलेपणात शोधू नये. उज्जीयाही धूप घेऊन भारावलेलाच आत गेला होता. एकाच मंदिरात त्याच्या कपाळाला डाग लागला आणि यशयाच्या ओठांना निखारा. एकाने धूपपात्र स्वतः उचलले होते, दुसऱ्याकडे अग्नी चालून आला. आपण यांतले कोण आहोत हे आपल्याला आतून कळेलच असे नाही. आपल्याभोवतीच्या माणसांना ते कळते. मंडळीत, घरात, कामाच्या जागी ज्यांना आजवर आपल्यासमोर लांबूनच आपली वर्दी द्यावी लागत होती, ती माणसे आता न ओरडता जवळ येऊ शकतात का, हे पाहावे.